चुकांसाठी केलेली तरतूद

हिंगणघाटच्या बाजार समितीच्या आवारात कापसाची गाडी रिकामी झाली, की कास्तकाराची नजर पूर्वी काट्यावर आणि अडत्याच्या वहीवर खिळलेली असे. आज ती तेथून निघून हातातील मोबाइलकडे वळते. भारतीय कापूस निगमने हमीभावाने घेतलेल्या मालाचे पैसे थेट बँक खात्यात जमा होतात. २०२५ च्या हंगामापासून तर निगमला कापूस विकण्यासाठी करावयाची नोंदणीही ‘कपास किसान’ या मोबाइल ॲपवर करण्याची रीत सुरू झाली आहे. वजन, भाव, रक्कम, खातेक्रमांक, ओळख पटविणारा सांकेतिक अंक, असे सारे काही आता हवेतून ये-जा करते.

आणि हवा हे काही निर्वेध वाहन नव्हे. टॉवरवरून निघालेली रेडिओलहर भिंतींवर, टिनांच्या छपरांवर, धावत्या बसवर आपटून अनेक वाटांनी मोबाइलपर्यंत पोहोचते. कधी या वाटा एकमेकींना बळ देतात, कधी परस्परांना पुसून टाकतात. दोन पावले सरकताच संदेश क्षीण होतो, ही सर्वांच्या अनुभवाची गोष्ट आहे. मोबाइलची सारी भाषा शून्य आणि एक या दोनच चिन्हांची. अशा एकेका चिन्हाला ‘बिट’ म्हणतात. वाटेत शून्याचा एक आणि एकाचा शून्य होणे ही तेथे नित्याची घटना आहे. तरीही हवा बिघडली म्हणून ७४ हजार रुपयांचे ४७ हजार झाले, असे कधी ऐकिवात येत नाही. याचे श्रेय हवेच्या शुद्धतेला देता येत नाही. चूक होणारच हे आधी मान्य करून तिच्यासाठी पदरमोड करून ठेवलेली असते, म्हणून हे घडते. ही तरतूद कशी केली जाते आणि ती कोठे येऊन थांबते, याचा विचार केवळ अभियंत्यांनी करावा असा नाही. हिशेबाशी, नोंदींशी आणि सरकारी कागदाशी ज्यांचा रोज संबंध येतो, त्या साऱ्यांना त्यात शिकण्याजोगे पुष्कळ आहे.

आडवी आणि उभी बेरीज

या शास्त्राचे मूळ तत्त्व शाळेतील प्रत्येक वर्गशिक्षकाला ठाऊक असते. वार्षिक परीक्षेच्या गुणतक्त्यात प्रत्येक विद्यार्थ्याच्या गुणांची आडवी बेरीज आणि प्रत्येक विषयाची उभी बेरीज मांडलेली असते. तक्त्याची नक्कल करताना एखाद्या विद्यार्थ्याचे गणिताचे ५४ गुण चुकून ४५ असे उतरले, तर त्याची आडवी बेरीज नऊने जुळत नाही आणि गणिताची उभी बेरीजही नऊनेच जुळत नाही. ज्या घरात ही ओळ आणि हा स्तंभ एकमेकांना छेदतात, तेथेच चूक आहे. मूळ उत्तरपत्रिका न पाहताही ती दुरुस्त करता येते.

वस्तुतः या बेरजा तक्त्यात नव्या माहितीची काहीच भर घालीत नाहीत. गुण दिलेले असताना बेरीज कोणीही करू शकतो. त्या दृष्टीने त्या जास्तीच्या आहेत. परंतु नेमक्या या जास्तीच्या अंकांमुळेच चुकीचा ठावठिकाणा लागतो. मोबाइलच्या संदेशात तर काम आणखी सोपे होते. तेथे चूक कोठे झाली एवढे कळले, की पुरे. शून्य चुकीचे असेल, तर बरोबर चिन्ह एकच असणार.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग या गणितज्ञाने १९५० साली या कल्पनेला शिस्तबद्ध रूप दिले. आठवड्याच्या सुटीत त्याने गणनयंत्रावर लावलेले काम यंत्राला चूक सापडताच अर्धवट टाकले जाई, आणि सोमवारी परत आल्यावर हाती काही लागत नसे. चूक झाली एवढे यंत्राला कळते, तर ती कोठे झाली हेही त्याला का कळू नये, या प्रश्नातून त्याचे काम सुरू झाले. चार मूळ बिटांना तीन तपासणीचे बिट अशा रीतीने जोडता येतात, की सातांपैकी कोणतेही एक बिट उलटले तरी ते ओळखून सुधारता येते, हे त्याने दाखविले. त्याच प्रयोगशाळेतील क्लॉड शॅननने १९४८ मध्येच याहून धाडसी सिद्धान्त मांडला होता. प्रत्येक वाटेची वहनाची एक मर्यादा असते आणि त्या मर्यादेच्या आत राहिल्यास, वाट कितीही खराब असली तरी, चुकीची शक्यता हवी तेवढी कमी करता येते, असा तो सिद्धान्त. हे कसे साधावे ते मात्र त्याने सांगितले नव्हते. पुढची जवळजवळ पन्नास वर्षे त्या शोधात गेली.

लॅम्बटनचा तिसरा कोन

जास्तीचे मोजून चूक पकडण्याचे हे तत्त्व विजेच्या युगाहून जुने आहे, आणि त्याचा एक मोठा उपासक हिंगणघाटच्याच मातीत विसावला आहे. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभ करणारा विल्यम लॅम्बटन हैदराबादहून नागपूरकडे जात असता २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट मुक्कामी मरण पावला. त्याची कबर याच गावात आहे. १८०२ साली मद्रासजवळ त्याने जमिनीवर साखळीने एक पायारेषा अत्यंत काटेकोरपणे मोजली. तेथून पुढे त्रिकोणाला त्रिकोण जोडीत, केवळ कोन मोजून, तो दख्खनचे पठार चढून आला.

त्रिकोणाचे दोन कोन कळले, की तिसरा आपोआप कळतो. तो मोजण्याचे कष्ट घेण्याची गरज नाही, असे कोणत्याही काटकसरी कारकुनाने त्याला सुनावले असते. अवजड कोनमापक यंत्र डोंगरमाथ्यावर चढविण्यास माणसे आणि दिवस खर्ची पडत होते. तरीही लॅम्बटन तिसरा कोन मोजीत असे. तिन्हींची बेरीज, पृथ्वीच्या गोलाईमुळे येणारा किंचित वाढावा वजा जाता, दोन काटकोनांएवढी आली पाहिजे. ती जितकी चुकली, तितकी मोजणीत चूक. एवढ्यावरही त्याचे समाधान होत नसे. शेकडो मैलांची साखळी पुरी झाल्यावर तो जमिनीवर दुसरी पायारेषा नव्याने मोजी आणि गणिताने आलेल्या लांबीशी ती ताडून पाही. १८०४ साली बंगलोरजवळ घेतलेल्या अशा पडताळ्यात सुमारे सात मैलांच्या रेषेत फरक निघाला तो अवघ्या काही इंचांचा.

यातील एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. लॅम्बटनने पहिलीच रेषा दोनदा मोजून समाधान मानले नाही. त्याने दूरवरची, स्वतंत्र रेषा मोजली. ज्या कारणाने पहिली चूक घडली, त्याच कारणाने दुसरी नोंदही चुकणार असेल, तर त्या दुसऱ्या नोंदीला पडताळा म्हणता येत नाही. सरकारी कचेरीत तीन प्रतींत भरलेल्या अर्जाची हीच गत होते. कार्बनखाली उमटलेली चूक तिन्ही प्रतींत सारखीच उमटते. कागद तिप्पट होतो, खात्री मात्र तसूभरही वाढत नाही. जास्तीचे असणे आणि उपयोगी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या शास्त्राचे दुसरे सूत्र होय.

नागपूरच्या गणितज्ञाचे योगदान

उपयोगी जास्तीचे कसे रचावे, या शोधात विदर्भाचाही वाटा आहे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. नागपूरच्या शासकीय विज्ञान महाविद्यालयात शिकलेले आणि नागपुरातच अध्यापन केलेले शरच्चंद्र शंकर श्रीखंडे हे १९५९ साली राजचंद्र बोस आणि अर्नेस्ट पार्कर यांच्यासह जगप्रसिद्ध झाले. लिओनार्ड ऑयलर या थोर गणितज्ञाचे पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे एक अनुमान या तिघांनी चुकीचे ठरविले होते. मात्र त्याच वर्षी बोस आणि श्रीखंडे यांनी संकेतरचनेच्या सिद्धान्तावर एक निबंध प्रसिद्ध केला, त्याची चर्चा तुलनेने कमी झाली. हादामार यांच्या नावाने ओळखली जाणारी, अधिक एक आणि उणे एक यांनी भरलेली काही चौकोनी कोष्टके असतात. त्यांच्या कोणत्याही दोन ओळी बरोबर अर्ध्या जागी जुळतात आणि अर्ध्या जागी जुळत नाहीत. परस्परांपासून जास्तीत जास्त अंतर राखणारे विशिष्ट संकेत आणि ही कोष्टके मुळात एकच आहेत, असे त्या निबंधात दाखविले आहे.

दोन शब्द एकमेकांपासून जितके दूर, तितके ते बिघडूनही ओळखू येणे सोपे. ‘मका’ आणि ‘मला’ यांत एका अक्षराची चूक घात करते. ‘ज्वारी’ आणि ‘सोयाबीन’ यांत करीत नाही. या शतकाच्या आरंभी भारतात ज्या सीडीएमए पद्धतीच्या फोनांनी स्वस्त बोलणे सुरू केले आणि पुढे जी पद्धत बंद पडली, तिच्यात चौसष्ट ओळींचे असेच हादामार कोष्टक वापरले जाई. ते फोन या निबंधातून जन्मले, असा याचा अर्थ नव्हे. परंतु ज्या गणिताच्या पायावर ते उभे होते, त्याच्या बांधणीत नागपूरच्या अध्यापकाचा हात लागला होता, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. याच बोसांनी १९६० मध्ये द्विजेंद्रकुमार राय-चौधुरी यांच्यासह शोधलेले संकेत आजही अभ्यासक्रमात त्यांच्या नावाने शिकविले जातात. श्रीखंडे २०२० च्या एप्रिलमध्ये वयाच्या एकशे दोनाव्या वर्षी वारले. तोवर त्यांच्या हयातीतच मोबाइल खेड्यापाड्यांत पोहोचला होता.

किती जास्तीचे?

जास्तीचे पाठवावयाचे, तर त्याला किंमत मोजावी लागते. रेडिओलहरींचा पट्टा जमिनीसारखाच मर्यादित आहे. म्हणून येथे अर्थशास्त्राचा प्रश्न उभा राहतो: किती, कोणासाठी आणि कोणाच्या खर्चाने?

भारतात ३१ जुलै १९९५ रोजी ज्या जीएसएम पद्धतीने मोबाइलसेवा सुरू झाली, तिचे उत्तर पाहण्यासारखे आहे. बोलण्याचा दर पन्नासावा भाग सेकंद घेतला, तर त्याचे २६० बिट होतात. त्यांची महत्त्वानुसार विभागणी केली जाते. अत्यंत महत्त्वाच्या ५० बिटांना तपासणीचे तीन बिट जोडतात आणि शिवाय दुहेरी संरक्षण देतात. त्याखालच्या १३२ बिटांना केवळ दुहेरी संरक्षण मिळते. उरलेल्या ७८ बिटांना काहीच नाही. त्यांत चूक झाली, तर आवाज किंचित खरखरेल, एवढेच. अशा रीतीने २६० बिटांचे ४५६ बिट होतात. मग ते सलग न पाठविता आठ तुकड्यांत पांगवून पाठवितात. पऱ्हाटीत तुरीचे तास घालणाऱ्या कास्तकाराला हे समजावून सांगावे लागू नये. एका झपाट्यात सारे हातचे जाऊ नये, हाच दोहोंचा हेतू.

पुढच्या पिढ्यांनी हिशेब आणखी बारकाईने केला. १९९३ मध्ये फ्रान्सच्या क्लॉड बेरू आणि अलँ ग्लाव्हिए यांनी ‘टर्बो’ संकेत शोधला आणि शॅननची मर्यादा प्रथमच आवाक्यात आली. तोच पुढे ३-जी आणि ४-जीमध्ये आला. ५-जीने माहितीसाठी रॉबर्ट गॅलेगरचा १९६० च्या सुमाराचा, यंत्रांना न पेलल्यामुळे तीन दशके विस्मृतीत पडलेला संकेत पुन्हा उचलला. नियंत्रणाच्या संदेशांसाठी तिने एर्दाल अरिकान या तुर्की शास्त्रज्ञाचा २००९ मधील संकेत घेतला.

४-जीत मोबाइल टॉवरला आपल्याकडील हवेची प्रत सतत कळवीत असतो. या प्रतीचे पंधरा दर्जे आहेत. सर्वोत्तम दर्जाला शंभर बिटांतील सुमारे त्र्याण्णव बिट खऱ्या कामाचे असतात. सर्वांत खालच्या दर्जाला शंभरांत जेमतेम आठ, बाकी सारी चुकीसाठीची तरतूद. शिवाय खराब हवेत एका लहरीवर कमी बिट लादावे लागतात. परिणामी त्याच पट्ट्यातून जाणाऱ्या माहितीत या दोन टोकांमध्ये सुमारे छत्तीसपट अंतर पडते. टॉवरच्या सावलीत उभ्या असलेल्या ग्राहकाचा जो संदेश क्षणात जातो, तोच संदेश शिवारातल्या कास्तकाराला ताटकळत ठेवतो, याचे एक मोठे कारण हे आहे. चूक दोघांच्याही संदेशात उरत नाही. पण ती निवारण्याची किंमत दूरचा माणूस वेळेने आणि बॅटरीने भरतो. हे अंतर केवळ बाजारावर सोपवून मिटत नाही. म्हणूनच दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून सार्वत्रिक सेवेसाठी निधी उभारण्याची पद्धत आहे आणि त्या निधीला २०२४ पासून ‘डिजिटल भारत निधी’ असे नाव आहे. त्याचा विनियोग म्हणजे दूरच्या गावावर केलेली मेहेरबानी नव्हे. अंतराचा भार सर्वांनी वाटून घेण्याची ती रीत आहे.

आणखी एक गोष्ट प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. पहिल्या प्रयत्नात दहांपैकी एक गठ्ठा बिघडला तरी चालेल, असे धरूनच ४-जीतील हवेचे हे दर्जे ठरविलेले असतात. पहिल्याच खेपेस शून्य चूक मागितली, तर तरतुदीवरील खर्च लाभाहून जास्त होतो. बिघडलेला गठ्ठा तपासणीच्या बिटांनी ओळखला जातो आणि एका सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागात तो पुन्हा मागविला जातो. पहिला बिघडलेला गठ्ठाही टाकून देत नाहीत. दोन ठिकाणी भिजलेल्या दोन पत्रांवरून एक मजकूर लावावा, तशी त्या दोहोंची सांगड घालतात. येथे चूक हा कोणाचा अपराध मानला जात नाही. ती एक खर्चाची बाब असते, आणि ती त्वरित निकालात काढण्याची सोय असते.

साखळी जेथे तुटते

येथवर सारे नेटके आहे. प्रश्न पुढे सुरू होतो. हवेत उलटलेले एक बिट सेकंदाच्या अंशात सुधारते. पण कास्तकाराच्या, त्याच्या मुलाच्या अथवा सेवा केंद्रातील चालकाच्या बोटाने उलटलेला एक अंक सुधारण्यास महिने लागतात. संदेशवहनाचे यंत्र तो चुकीचा अंक अत्यंत प्रामाणिकपणे, एकाही बिटाची चूक न करता, थेट चुकीच्या जागी पोहोचविते.

आपल्या दहा अंकी मोबाइल क्रमांकात तपासणीचा एकही अंक नाही. एक अंक चुकला, तरी तो दुसऱ्या कोणाचा तरी क्रमांक असू शकतो. याउलट आधार क्रमांकाचा बारावा अंक हा केवळ तपासणीचा आहे. डच गणितज्ञ व्हेरहूफ यांनी १९६९ मध्ये सुचविलेल्या रीतीने तो काढला जातो. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर क्रमांक तत्काळ अवैध ठरतो. म्हणजे अशी सोय करणे आपल्या शासनयंत्रणेला अवघड नाही. बँक खात्यांच्या बाबतीत मात्र रिझर्व्ह बँकेने २०१० साली केवळ खातेक्रमांकाच्या आधारे रक्कम जमा करण्याची मुभा दिली आणि क्रमांक अचूक देण्याची जबाबदारी पाठविणाऱ्यावर ठेवली. नाव हा हाताशी असलेला स्वतंत्र पडताळा होता. लॅम्बटनचा तिसरा कोनच म्हणा. वेगासाठी तो बाजूला ठेवला गेला. एनईएफटी आणि आरटीजीएसने पैसे पाठविण्यापूर्वी खातेदाराचे नाव दाखविण्याची सोय बँकांनी १ एप्रिल २०२५ पर्यंत करावी, असे सांगण्यात आले, तेव्हा हा कोन परत आला. मधल्या पंधरा वर्षांत चुकलेल्या अंकांचे ओझे ज्याने त्याने वाहिले.

यावर असा आक्षेप घेतला जाईल, की जास्तीची प्रत्येक तपासणी म्हणजे नवा विलंब, नवी रांग आणि नवा कागद. आक्षेप पोकळ नाही. तीन प्रतींचा अनुभव सर्वांच्या गाठीशी आहे. तथापि मोबाइलच्या यंत्रणेने या आक्षेपाचे उत्तर देऊन ठेवले आहे. तिने सर्वच बिटांना सारखे जपले नाही. काय बिघडले असता सर्वाधिक हानी होते हे आधी ठरविले आणि तरतूद तेथे केली. अर्जातील वडिलांच्या नावाचे एक वेलांटी-उकाराचे वेगळेपण आणि खातेक्रमांकातील एक अंक यांना एकाच मापाने तोलणारी कचेरी ७८ बिटांची राखण करते आणि पन्नासांना वाऱ्यावर सोडते.

याहून महत्त्वाचा धडा अधिकाराविषयीचा आहे. मोबाइलच्या संकेतात चूक दुरुस्त करण्याचा पहिला हक्क ज्याच्या हाती संदेश पडतो त्याचा असतो. पुराव्यासाठी लागणारे जास्तीचे बिट संदेशासोबतच त्याला दिलेले असतात. पुरावा अपुरा पडला तरच मुळाकडे विचारणा होते, आणि तिचे उत्तर क्षणात येते. आपल्या कारभारात नेमके उलटे घडते. ज्या कारकुनापुढे कास्तकार उभा आहे, ज्याला चूक समोर दिसते आहे, सातबारा, पासबुक आणि मापाची पावती ज्याच्या टेबलावर आहे, त्याला दुरुस्तीचा अधिकार नसतो. ज्या दूरच्या कार्यालयाला तो अधिकार असतो, त्याला कास्तकार दिसत नाही. ‘वरून दुरुस्त होऊन येईल’ या वाक्यात संगणकाचा दोष कोठेच नाही. तो अधिकाराच्या वाटणीतील दोष आहे.

तेव्हा मागणी साधी आहे. हमीभाव, पीकविमा, नुकसानभरपाई यांसाठी दिल्या जाणाऱ्या प्रत्येक क्रमांकात तपासणीचा अंक असावा. मालाच्या वजनाची आणि नोंदविलेल्या खात्याची छापील पावती विकणाऱ्याच्या हाती जागच्या जागी पडावी, म्हणजे पडताळ्याला दुसरी, स्वतंत्र नोंद राहील. आणि पुरावा जुळत असेल, तर तालुक्याच्या पातळीवरच ठरलेल्या मुदतीत दुरुस्ती करण्याचा अधिकार असावा. केलेल्या दुरुस्तीची नोंद राहावी, म्हणजे गैरवापरही पकडता येईल. यासाठी माणसे लागतील, खर्च लागेल. हा खर्च अनुत्पादक असल्याचे मत अंदाजपत्रक मांडणारे देतील. गुणतक्त्यातील बेरजाही त्या अर्थाने अनुत्पादकच असतात.

लॅम्बटनने तिसरा कोन मोजला नसता, तर त्याचे काम लवकर झाले असते, स्वस्तात झाले असते, आणि ते किती चुकले हे कोणालाच कळले नसते. ज्या हिशेबात चुकीसाठी जागाच ठेवलेली नसते, त्यातही चूक होतेच. ती मांडण्यास दुसरा स्तंभ नसतो, म्हणून ती सर्वांत दुबळ्या माणसाच्या नावे खर्ची पडते.